दवाखाना नंतर, आधी माणसं मोजा: वस्तीतल्या आरोग्यसेवेचं नियोजन कुठून सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत दिघा-ईलठणपाड्याच्या बाजूला डोंगराच्या कडेने जी वस्ती वर वर चढत गेलीय, तिथल्या एका मंडळाला कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, तीन वर्षांचे पैसे मिळतायत, हॉल आहे, ओळखीचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायला तयार आहेत, लोकसंख्या अंदाजे २० हजार, आणि विचारलंय की दवाखान्याचं प्लॅनिंग कसं करायचं, बेसिकपासून सांगा. मी कळवा-विटावा ते तुर्भे या पट्ट्यात सार्वजनिक आरोग्याचं काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही "काय करायचं" हे आधीच ठरवून टाकलंय. दवाखाना. हॉल आहे, डॉक्टर आहेत, म्हणजे दवाखानाच होणार ना! सगळीकडे असंच होतं. मग सहा महिन्यांनी रजिस्टर उघडलं की सर्दी-खोकला, अंगदुखी, अ‍ॅसिडिटी, परत सर्दी-खोकला, आणि कंपनीला रिपोर्ट जातो की इतके हजार लाभार्थी. त्यातले निम्मे तेच तेच लोक असतात आणि बहुतेक हॉलच्या आसपासच्या गल्ल्यांमधले. रजिस्टर फक्त आलेल्यांची माहिती देतं, जो आलाच नाही त्याचं नाव त्यात कुठून असणार, आणि नियोजन खरं तर त्याच्यासाठीच करायचं असतं.

म्हणून आधी २० हजार हा आकडा कुठून आला ते बघा. जनगणना २०११ची, २०२१ची झालीच नाही, आणि मधल्या काळात तुमच्याकडे किती मजले चढले आणि २०२४च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यावर भाडी कुठे गेली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. मतदारयादीवर जाऊ नका, वस्तीतल्या बऱ्याच लोकांचं मत गावाला असतं, रेशनकार्डाचंही तेच. माझा अनुभव असा की सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे पल्स पोलिओचा मायक्रोप्लॅन. भारतात पोलिओची शेवटची केस जानेवारी २०११ची, २०१४ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी राउंड चालू आहेत, त्यामुळे कुठल्या टीमने कुठल्या गल्लीत किती घरं करायची, पाच वर्षांखालची मुलं किती, बांधकामाच्या साइट कुठे, खदानीजवळच्या झोपड्या कुठे, हे सगळं पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात लिहिलेलं असतं. तिथल्या मेडिकल ऑफिसरना भेटा, एएनएम म्हणजे लसीकरण आणि बाळंतपणाचं काम बघणाऱ्या सिस्टरना भेटा, आणि हे "सौजन्य भेट" म्हणून नको, त्यांच्याशिवाय तुमचं काम चालणारच नाहीये.

मग आशाताई. शहरी भागात साधारण १,००० ते २,५०० लोकांमागे एक आशा धरतात, म्हणजे तुमच्या वस्तीत कमीत कमी आठ तरी हव्यात. त्यांना सगळ्यांना एकत्र बसवा, जमिनीवर मोठा कागद टाका आणि प्रत्येकीला आपली हद्द वेगळ्या रंगाने काढायला सांगा. जिथे दोन रंग एकमेकांवर येतात ते सोडा, जिथे एकही रंग येत नाही ती गल्ली बघा. असा पांढरा तुकडा बहुतेक ठिकाणी निघतो. डोंगरावरची शेवटची रांग, नाल्यापलीकडची घरं, कंपनीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या खोल्या, नाहीतर एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्या जिथे पाच-सात जण पाळीपाळीने झोपतात. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा, तुमच्या प्लॅनचं पहिलं पान तेच.

आता हिशोब. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो पण सगळं इथेच आहे, आणि गणित चौथीचं आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५च्या आसपास. २० हजार लोकांत वर्षाला ३०० जन्म. गरोदरपणं मोजताना त्यात १० टक्के वाढवायचे, कारण काही गर्भपात होतात, काही बाळं पोटातच दगावतात, म्हणजे ३३०. गरोदरपण नऊ महिन्यांचं आणि नोंदणी दीड-दोन महिन्यांनी होते, म्हणून कुठल्याही एका दिवशी वस्तीत नोंदवलेल्या गरोदर बाया साधारण याच्या निम्म्या, १६५ सापडायला हव्यात. सगळ्या आशांच्या यादीत मिळून ९०च नावं असतील तर बाकीच्या ७५ कुठे आहेत हा तुमचा पहिला प्रश्न. माहेरी गेल्या असतील, खाजगीत दाखवत असतील, किंवा कोणालाच माहीत नसतील, आणि तो तिसरा गटच आपला.

बाळं महिन्याला २५. जन्मानंतर सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग सोळा महिन्यांनंतर, अशा पाच भेटी धरल्या तर महिन्याला १२५ बाळं लसीच्या टेबलापुढे यायला हवीत. चार सत्रं घेतली तर एका सत्राला तीसेक, म्हणजे झेपण्यासारखं काम आहे. लस तुम्ही आणायची नाही, पालिकेची सिस्टर येईल, तुम्ही हॉल, पंखा, बसायला जागा आणि बोलावणं एवढं द्या. एक मात्र सिस्टरशी आधीच बोलून घ्या: गोवर-रुबेलाची बाटली एकदा पातळ केली की चार तासांत संपवायची नाहीतर टाकायची असते, त्यामुळे कधीकधी "अजून चार बाळं जमू देत, पुढच्या आठवड्यात या" असं होतं. ती आई पुढच्या आठवड्यात येत नाही. तिची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते. बाटली वाया गेली तरी चालेल, एका बाळासाठीही उघडा.

टीबीचा देशाचा अंदाज लाखाला १९५ च्या आसपास आहे, म्हणजे २० हजारांत वर्षाला ४० जण. पण ही सरासरी झाली. दाटीवाटीच्या, खिडकी नसलेल्या खोल्या आणि दगडखाणीची धूळ असेल तर त्याच्या वरच धरा. एक सापडायला दहा-पंधरा संशयितांची थुंकी तपासावी लागते, म्हणजे वर्षाला पाचेकशे नमुने लॅबपर्यंत पोचवायचे, दिवसाला दोन. हे कोण नेणार, कुठल्या डब्यातून, रिक्षाचे पैसे कोण देणार? हॉलला रंग द्यायच्या आधी याचं उत्तर लिहून काढा.

आणि आता खरा धक्का, ब्लडप्रेशर. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांच्या पुढचे लोक लोकसंख्येच्या ३७ टक्के धरतात, म्हणजे तुमचे ७,४००. त्यात चारात एकाला बीपी धरलं तर १,८५०. आपल्या पद्धतीने प्रत्येकाला महिन्याच्या गोळ्या दिल्या, महिन्याला २५ दिवस काम धरलं, तर रोज ७४ लोक फक्त बीपीच्या गोळ्या न्यायला. तुमचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणार, म्हणजे महिन्यात आठ-नऊ दिवस, दिवसाला ५० पेशंट बघितले तरी चारशे-साडेचारशे. सगळे सोडा, पावपट लोक आले तरी डॉक्टर पूर्ण भरले आणि डायबिटीसचं अजून नावही काढलेलं नाही.

यावर उत्तर अजून एक डॉक्टर शोधणं नाही. ज्यांचं बीपी ताब्यात आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, बीपी मोजणं आणि गोळ्या देणं हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ठराविक पद्धतीप्रमाणे नर्सकडे द्या, डॉक्टरांनी फक्त नवीन आणि ताब्यात न येणारे बघायचे. रोजचे ७४ होते ते २५ वर येतात. एकही खुर्ची न वाढवता. नियोजन म्हणजे बजेट आणि बिल्डिंग असं लोकांना वाटतं, पण "गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या" हा एवढासा निर्णय अख्ख्या दवाखान्याचं गणित बदलतो. गोळ्यांचा साठाही यातूनच निघतो, १,८५० लोक, रोज एक गोळी म्हटलं तरी महिन्याला ५५ हजार गोळ्या. उद्घाटनाच्या दिवशी दोन खोके आणून ठेवले की झालं असं नसतं ते.

पण १,८५० पैकी खरंच किती जणांचं बीपी ताब्यात राहणार? याच्यासाठी एक जुनी पण फार कामाची मांडणी आहे, १९७८ साली तानाहाशी यांनी डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) बुलेटिनमध्ये दिलेली. सेवा एका झटक्यात माणसापर्यंत पोचत नाही, पायऱ्या असतात. आधी सेवा आहे का, म्हणजे गोळी, नर्स, मशीन. मग तिथे पोचता येतं का. मग ती पटते का, परवडते का. मग माणूस प्रत्यक्ष आला का. आणि शेवटी, येऊन उपयोग झाला का. प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. तुम्ही फक्त बघायचं की सगळ्यात जास्त गळती कुठे आहे आणि पैसा तिथे लावायचा. गोळ्या आहेत पण मशीनचा पट्टा फाटलाय, तर पट्टा घ्या. लोक एकदा येतात आणि परत येत नाहीत, तर जनजागृतीचे बॅनर छापून काय उपयोग, त्यांना आजार माहितीच आहे, ते दुसऱ्यांदा का येत नाहीत ते घरी जाऊन विचारा.

विचारलंत की बहुतेक वेळा उत्तर वेळेचं निघतं. सकाळी नऊ ते एक दवाखाना म्हणजे कोणासाठी? एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टवाला सातला आत गेलेला असतो, नाक्यावर काम शोधणारा आठ-साडेआठला उभा असतो, ऐरोलीच्या सेक्टरमध्ये घरकामाला जाणाऱ्या बाया दोन-अडीचला परत येतात आणि नळाला पाणी यायच्या आत स्वयंपाक, कपडे. शहरी आरोग्य अभियान २०१३ला आलं तेव्हाच नागरी केंद्रांची ओपीडी दुपारी १२ ते रात्री ८ असावी असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर वस्तीत सकाळची ओपीडी ही स्टाफच्या सोयीची असते, बाकी काही नाही. तुम्ही गल्लीगल्लीत पाण्याची वेळ आधी लिहून घ्या आणि ती सोडून सत्र ठेवा. संध्याकाळी पाच ते आठ चालवलंत तर पुरुष दिसायला लागतील. आणि रविवारची सकाळ.

वर्षाचं कॅलेंडरही काढा. एप्रिल-मेमध्ये शाळा सुटल्या की मराठवाडा, खानदेश, यूपी-बिहारकडची घरं कुलूपबंद होतात, गणपतीत कोकणातली, त्या काळात "डिफॉल्टर" (लस किंवा औषध चुकवणारे) वाढले म्हणून आशाताईवर ओरडू नका. जायच्या आधी बाळाचं लसीकरण कार्ड सोबत देणं, टीबीवाल्याला जास्तीच्या गोळ्या आणि गावाकडच्या केंद्राचं नाव देणं, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं काम. जून ते सप्टेंबर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. तेव्हा नवीन सर्व्हे, नवीन उपक्रम वगैरे काही काढू नका, कोणाला वेळ नसतो.

तुमच्या जागेची एक खास भानगड आहे, हद्द. दिघा नवी मुंबईत, पलीकडे विटावा-कळवा ठाण्यात. गरोदर बाईचं नाव नवी मुंबईच्या आशाच्या वहीत, पण कळा आल्या की घरचे जवळ पडेल तिथे नेतात, कधी ऐरोलीला राजमाता जिजाऊ रुग्णालयात तर कधी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, जे ठाणे पालिकेचं. जन्माची नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे, १९६९च्या कायद्याप्रमाणे. म्हणजे बाळ दिघ्याचं, नोंद ठाण्याची, आणि डिस्चार्जनंतर नवजात बाळाच्या घरभेटी कोणी करायच्या तर दिघ्याच्या आशाने, जिला कळलेलंच नसतं की बाई घरी आली. इथे तुमच्यासारखी छोटी संस्था खूप काही करू शकते, एक माणूस फोन घेऊन बसवा, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेनंतर दर दोन दिवसांनी फोन, घरी आली की आशाला मेसेज. महिन्याला २५ बाळंतपणं, अवघड काहीच नाही. खर्च एका अर्धवेळ पगाराचा. पण यात फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे सीएसआरवाल्यांना ते समजावून सांगावं लागतं.

लोकांना काय हवंय हे विचारायचंच, पण कोणाला विचारता ते महत्त्वाचं. मीटिंग बोलावली की भाऊ आणि दादा पुढे बसतात आणि "डॉक्टर पाहिजे, अ‍ॅम्ब्युलन्स पाहिजे" म्हणतात. बचत गटाच्या बायांशी, महिला आरोग्य समितीशी वेगळं बसा. त्या पाणी आणि संडासावर बोलतील. ते "आमच्या विषयात येत नाही" असं म्हणू नका, रात्री सार्वजनिक संडासात जायची भीती म्हणून बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीसाठी तुमच्याच ओपीडीत येतात. संडासापुढचा दिवा लावून घ्या वॉर्ड ऑफिसकडून. तीही आरोग्यसेवाच झाली.

गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांना शत्रू समजू नका. बीएएमएस, बीएचएमएस असतील, रात्री दहापर्यंत उघडे असतात, उधारी ठेवतात, लोकांचा पहिला पाय तिथेच पडतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला पेशंट त्यांनी तुमच्याकडे किंवा थेट पालिकेच्या केंद्रात पाठवला तर टीबीच्या तुमच्या ४० मधले निम्मे तिथूनच मिळतील. टीबीची नोंद कळवणं खाजगी डॉक्टरलाही २०१२पासून बंधनकारक आहे, आणि पेशंटला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात, हे त्यांना सांगितलं की तेही पेशंटला सांगतात. ज्यांच्याकडे डिग्रीच नाही, नुसती सलाईन लटकवतात, त्यांच्या नादी लागू नका, ते पालिकेचं काम.

महाआरोग्य शिबिर? एक घ्या, नाही घेतलंत तर कंपनीवाले ऐकणार नाहीत. पण शिबिरात ज्याचं बीपी जास्त निघालं त्याची पुढची तारीख त्याच टेबलावर द्या, नाहीतर नुसतं घाबरवून घरी पाठवल्यासारखं होतं. व्हॅन मात्र घेऊ नका. त्या चढावर ती चढणार नाही आणि ड्रायव्हर-डिझेलमध्ये एका नर्सचा पगार जातो.

माणसं घेताना डॉक्टर शेवटी. आधी एक चांगली नर्स पूर्णवेळ, वस्तीतल्याच दोन-तीन मुली नाहीतर बाया फिरत्या कामाला, पगार वेळेवर. आशांना तुमची कामं फुकटात सांगू नका, त्यांच्या मागे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत. सुया-कापसाच्या कचऱ्याचं प्रदूषण मंडळाचं ऑथरायझेशन आणि कचरा नेणाऱ्याशी करार आधी, मग पहिलं इंजेक्शन.

काम बरोबर चाललंय का हे बघायला मोठा सर्व्हे नको. वस्तीचे चार-पाच भाग करा, प्रत्येक भागात दर सहा महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून १९ घरं निवडा, हो, १९च, एलक्यूएएस नावाची पद्धत आहे. समजा तुमचं टार्गेट आहे की एक ते दोन वर्षांच्या ८० टक्के बाळांच्या लसी वेळेत पूर्ण. चिठ्ठीत आलेल्या घरात त्या वयाचं बाळ नसेल तर शेजारचं घर. १९ पैकी १३ किंवा जास्त बाळं पूर्ण निघाली तर तो भाग ठीक, १२ किंवा कमी तर तिथे गडबड आहे. यातून टक्केवारी काढत बसू नका, त्याच्यासाठी ही पद्धत नाही, पुढचे सहा महिने नर्सने कुठे जास्त फिरायचं एवढं कळतं. आणि पेंटाचा (सहा, दहा, चौदा आठवड्यांना द्यायची पाच आजारांवरची लस) पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसरा किती जणांनी घेतला ते बघा. पहिलाच कमी असेल तर लोक पोचत नाहीयेत. पहिला भरपूर आणि तिसरा कमी, गळती दहा टक्क्यांच्या वर, म्हणजे येऊन गेले आणि काहीतरी आवडलं नाही, तेव्हा आपल्या रांगेत, बोलण्यात, वेळेत बघायचं.

राहिले तीन वर्षांनंतरचे दिवस. बीपी-शुगरचा पेशंट तुम्ही एकदा हातात घेतला की तो आयुष्यभराचा असतो, कंपनीचा करार ३६ महिन्यांचा. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेशंटचं नाव पालिकेच्या केंद्राच्या यादीतही जाऊ दे, आणि डॉक्टरांना सांगा की पालिकेच्या स्टॉकमध्ये जी औषधं असतात तीच लिहायची, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, म्हणजे पुढे गोळीचा रंग बदलला म्हणून कोणी सोडणार नाही. तिसऱ्या वर्षी तुमची नर्स आठवड्यातून दोन दिवस त्याच केंद्रात बसू दे, लोकांचे पाय तिकडे वळू देत. हे सगळं, म्हणजे लसीकरण सत्र कुठल्या वारी, थुंकीचे नमुने कोणाकडे, याद्या कोण कोणाला देणार, औषधं संपली तर कोणी पुरवायची, पालिकेच्या आरोग्य विभागाकडून सहीशिक्क्याचं पत्र घेऊन ठेवा, कारण मेडिकल ऑफिसर बदलतात आणि नवीन आले की विचारतात, तुम्ही कोण?